सुम्ने काही नसतं

सीनण्णांचं नाव मला पहिल्यापासून बरोबर माहीत होतं, अर्थ मात्र चुकीचा माहीत होता. महादेवपुऱ्याच्या आमच्या ऑफिसात मृणाल नावाची पुण्याची मुलगी होती. मल्लेश्वरमच्या रसग्रहण मंडळाबद्दल मला तिनेच सांगितलं. "दर रविवारी सकाळी भेटतात सर. एक फिल्म घ्यायची, नाहीतर एखादी कथा, आणि तिची पार चिरफाड करायची. मेन माणूस म्हणजे सीनअण्णा. प्रत्येक सीन ॲनलाइज करतात ना, म्हणून सीनअण्णा."

मला हे इतकं पटलं की पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं, "हे नाव तुम्हाला मंडळानं दिलं का?"

"आजीनं दिलं," ते म्हणाले. "श्रीनिवासराव. श्रीनिवासचं झालं सीनू, सीनूचं सीनण्णा. चामराजपेटेत प्रत्येक गल्लीत एक सीनण्णा सापडतो. हाक मारली की चार खिडक्या उघडतात."

मी ओशाळलो. मला ओशाळायला फारसं कारण लागत नाही. लिफ्टचं दार कुणाच्या तोंडावर बंद झालं तरी मला दिवसभर चुटपुट लागते. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि छताकडे पाहत म्हणाले, "पण तुम्हाला तसं वाटलं, पाटणकर, ते सुम्ने नाही."

सुम्ने हा कन्नड शब्द. उगीच, सहज, काही कारण नसताना, एवढं सगळं त्यात येतं. बंगळुरूत रिक्षावाला सुम्ने थांबतो, शेजारीण सुम्ने डोकावते, दुकानदाराला 'हे केवढ्याला' विचारून 'सुम्ने विचारलं' असं सांगता येतं आणि तो रागावत नाही. सगळं शहर ह्या शब्दावर आरामात टेकून बसलेलं असतं. सीनण्णाही तो दिवसभर वापरत, पण नेहमी 'नाही' जोडून. कलाकृतीत सुम्ने काही नसतं. माणूस सुम्ने काही बोलत नाही. खोलीचा पंखा सुम्ने बंद पडत नाही.

त्यांचे पूर्वज चारेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड लोणच्यात मीठ मुरावं तशी मुरलेली. 'कारण' ऐवजी ते 'का म्हणलं तर' म्हणत. एकदा मी त्यांना "'म्हणलं' नाही, 'म्हटलं'" असं सुधारलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. इतकी वर्षं इथं राहून मला कन्नडात नीट पत्ताही सांगता येत नव्हता आणि मी चारशे वर्षं जपलेली मराठी दुरुस्त करत होतो, ही गोष्ट मला आजही अधूनमधून आठवते, बहुधा दात घासताना.

नोकरी त्यांनी विमा कंपनीत केली. क्लेम विभागात. आयुष्यभर त्यांचं काम एकच: लोकांनी पाठवलेल्या हकिगती वाचायच्या आणि त्यांत काय लपलंय ते शोधायचं. दुकानाला आग लागली, म्हणजे का लागली? आणि आदल्या दिवशीच मालकाने देवाचा फोटो घरी का नेला? निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे क्लेम यायचे थांबले आणि त्यांनी साहित्य-सिनेमाला हात घातला. हात तोच होता. कादंबरीत पहिल्या पानावर कुणी छत्री विसरलं की सीनण्णा सावध होत. "भिजणार कोण ते बघा आता."

मंडळ भरायचं एका शिकवणी वर्गाच्या खोलीत. आठवडाभर तिथं मुलांना रसायनशास्त्र शिकवत आणि रविवारी आम्हाला ती जागा मिळे. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता. त्याच्याखाली बसून आम्ही माणसाच्या दुःखाचे घटक वेगळे करत असू. आशयसूत्र, प्रतिमा, निवेदनतंत्र, पात्राचा आलेख. सीनण्णा अर्ध्या बाह्यांचा राखाडी स्वेटर घालून मधल्या खुर्चीत बसायचे, बारा महिने तोच स्वेटर. बोलताना ते कुणाकडेही पाहत नसत. मान मागे टाकून छताकडे पाहत, जणू उत्तर तिथे कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय. हनुवटी वर, हात पोटावर, आणि आवाज मात्र आमच्या दिशेने. ऐकणाऱ्याला त्यांचा चेहरा क्वचित दिसायचा, नाकपुड्या जास्त दिसायच्या.

त्यांच्या पत्नी शांताक्का मागच्या बाकावर बसत. कॉफीचा थर्मास, स्टीलचे पेले, आणि डब्यात काहीतरी तिखट. चर्चेत त्या भाग घेत नसत. पण प्रत्येकाच्या अगदी समोर येऊन, चेहऱ्याकडे पाहत, "स्वल्प घालू का अजून?" असं विचारत. मृणाल एकदा त्यांना म्हणाली, "अक्का, तुम्ही पण बोला ना कधीतरी." अक्का म्हणाल्या, "मी काय बोलू बाई. ह्यांच्याशी लग्न झालं त्या दिवसापासून मी एकदा पण सुम्ने शिंकले नाही. प्रत्येक शिंकेला मागचं-पुढचं सांगावं लागतं."

सगळे हसलो. सीनण्णा छताला म्हणाले, "विनोद हा तिचा बचाव आहे."

माझी पाळी पहिल्याच महिन्यात आली. महादेवपुऱ्याहून मल्लेश्वरमला यायचं म्हणजे मेट्रो धरली तरी अर्धी सकाळ जाते. मी चर्चा सुरू झाल्यावर पोचलो आणि ट्रॅफिकचं कारण सांगितलं.

"ट्रॅफिक सगळ्यांनाच आहे," सीनण्णा म्हणाले. "मृणाल तिकडूनच येते. ती वेळेवर. तुम्ही उशिरा. का?"

"निघायलाच उशीर झाला."

"तेच म्हणतोय. का झाला?"

मी खरोखर विचार करायला लागलो. सकाळी मी बूट शोधत होतो. बूट नेहमीच्या जागी नव्हते. ते मीच आदल्या दिवशी बाल्कनीत टाकले होते. बाल्कनीत का टाकले? दहा मिनिटांत, मूलद्रव्यांच्या तक्त्याखाली, मी सगळ्यांसमोर कबूल केलं की मला मंडळात यायची मनातून भीती वाटते, कारण शाळेत मला रसग्रहणात कधीच चांगले मार्क मिळाले नव्हते. कबुली देऊन झाल्यावर मला फार हलकं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बूट ओले होते म्हणून मी टाकले बाल्कनीत."

पुढच्या रविवारी मी हे सीनण्णांना सांगितलं नाही. त्यांना इतका छान क्लेम निकाली काढल्याचा आनंद झाला होता.

पण त्यांचा सगळ्यात गाजलेला निकाल म्हणजे बादली.

इथल्याच एका तरुण दिग्दर्शकाचा छोटा सिनेमा आम्ही पाहिला होता. एक बाप आणि मुलगी भाड्याचं घर सोडून चाललेत, एवढीच गोष्ट. शेवटी रिकाम्या घरात कॅमेरा फिरतो आणि बाथरूमच्या दाराशी एक निळी बादली दिसते. सीनण्णांनी त्या बादलीवर सबंध सकाळ घेतली. आधी निळा रंग. मग बादलीची कड वाकलेली होती, त्या वाकण्याचा अर्थ. बादली रिकामी की भरलेली, हे दिग्दर्शकाने दाखवलं नाही, ह्या न दाखवण्याचा अर्थ. मृणाल म्हणाली, "म्हणजे वडिलांचा कॅरेक्टर आर्क बादलीत पूर्ण होतो." सीनण्णांनी छताकडे पाहून मान डोलावली. मी म्हणालो, "बादली म्हणजे आई." घरात आई नव्हती ना. मृणालने ते वहीत लिहून घेतलं. मला आयुष्यात पहिल्यांदा रसग्रहणात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं.

मग कुणीतरी त्या दिग्दर्शकालाच मंडळात घेऊन आलं. लाजाळू मुलगा, टोपी हातात धरून बसला होता. सीनण्णांनी विचारलं, "बादलीबद्दल सांगा."

"कुठली बादली?"

त्याला दृश्य दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. "अय्यो," तो म्हणाला, "ही फरशी पुसायची बादली आहे. शूटिंगच्या वेळी उचलायची राहून गेली वाटतं."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिना. मी माझ्या आईबद्दल... म्हणजे सिनेमातल्या आईबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. पण सीनण्णा डगमगले नाहीत. "तुम्हाला काय माहीत?" ते त्या मुलाला प्रेमाने म्हणाले. "पंचवीस-तीस वर्षं मी क्लेम वाचले. आपण काय लिहिलंय हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं. उचलायची राहून गेली म्हणता. बाकी सगळं उचललं. बादलीच का राहिली?"

मुलगा विचारात पडला. मला त्याची दया आली, कारण त्या विचारात मी स्वतः पडून आलो होतो. पुढे काही महिन्यांनी तो सिनेमा दुसरीकडे कुठेतरी दाखवला तेव्हा मृणाल गेली होती. दिग्दर्शकाने तिथं भाषण केलं. त्यात तो म्हणाला, की पटकथेचा पहिला शब्द लिहायच्या आधी त्याच्या डोळ्यांसमोर एक निळी बादली होती.

सीनण्णांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सरी." म्हणजे, बरोबर, चालेल, ठीक. कन्नडात हा शब्द वाद मिटवायला फार उपयोगी. सीनण्णांच्या तोंडी तो मी तोवर क्वचितच ऐकला होता.

त्यानंतरच्या वर्षी सीनण्णा बदलले. चर्चेच्या मध्येच थांबत. एखाद्या नायिकेबद्दल बोलता बोलता मागच्या बाकाकडे एक नजर टाकत आणि परत छताकडे जात. आम्हाला वाटलं वय झालं. एका रविवारी त्यांनी खिशातून टाइप केलेले कागद काढले. "कथा आहे," म्हणाले. "लेखकाचं नाव सांगायचं नाही म्हणून सांगितलंय. मौन असं नाव आहे. मी वाचतो. तुम्ही पात्रं सांगा."

ती कथा त्यांची स्वतःची होती. मला हे तासाभराने कळलं, पण वाचकाला मी आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर मीसुद्धा काहीतरी लपवल्यासारखं होईल.

कथेत 'तो' आणि 'ती' होते. दोघंही म्हातारे. ती त्याच्याशी बोलत नाही. तो काही विचारतो, ती उत्तर देत नाही. तो गॅलरीतून हाक मारतो, ती भाजी निवडत राहते. शेजारणीशी ती हसते, पेपरवाल्याशी वाद घालते, नातवाशी व्हिडिओवर तासभर बोलते. फक्त त्याच्याशी नाही. कॉफी वेळेवर देते, गरम देते. कधी त्याने सांगितलं दाराकडे जा, तर ती कपाटाकडे जाते. तो तिच्या मौनाचं कारण शोधत राहतो. बस, एवढीच कथा. शेवट नव्हता.

सीनण्णांनी ती छताकडे पाहत वाचली, म्हणजे एक ओळ कागदावर, एक छतावर, अशी. मागे अक्का डबा उघडत होत्या.

"क्लिअर आहे," मृणाल म्हणाली. "हा माणूस टॉक्सिक आहे. आयुष्यभर तो बोलला, तिनं ऐकलं. आता तिनं सर्व्हिस बंद केली."

"पण कॉफी देते," सीनण्णा म्हणाले.

"तेच तर! कॉफी म्हणजे ड्यूटी. बोलणं म्हणजे प्रेम. एक चालू ठेवलंय, दुसरं बंद."

"दाराऐवजी कपाटाकडे जाते, ते?"

कुणीतरी म्हणालं, दार म्हणजे त्याचं जग, कपाट म्हणजे तिचं. कुणी म्हणालं, हा नकारच, पण कृतीतून. मला राहवेना. मला बादलीचं यश आठवत होतं. मी म्हणालो, "मला वाटतं, ती त्याला आतून केव्हाच सोडून गेलीय. घरात फक्त तिची सवय उरलीय."

वाक्य छान झालं होतं. मृणालने मान हलवली. आणि नेमक्या त्याच क्षणी शांताक्का डबा घेऊन सीनण्णांच्या पुढ्यात आल्या, त्यांच्याकडे पाहून मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "कोडबळं घ्या. स्वल्प तिखट झालंय आज."

सीनण्णांनी कोडबळं घेतलं. पण ते खाल्लं नाही. हातात बांगडीसारखं धरून बसले.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावत होतो. ते जवळ आले. "पाटणकर, तुमचं बरोबर आहे. हसली बघितलंत? सगळं ऐकून हसली. म्हणजे कबूल केलं."

"कुणी?"

"शांतानं. ती कथा आमची आहे. वर्ष झालं, कॉफी घ्या, कोडबळं घ्या, कुकर बदला, एवढं सोडलं तर माझ्याशी बोलत नाही."

माझ्या हातातली खुर्ची तिथेच राहिली. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही, पण त्यात 'माफ करा' बऱ्याच वेळा आलं असणार. त्यांचं लक्ष नव्हतं. ते क्लेम मांडावा तसं एकेक सांगत गेले. कारण शोधायला त्यांनी सबंध संसार पुन्हा वाचून काढला होता. बहिणीच्या लग्नाला हुबळीला जाऊ दिलं नाही, ते. तिने आणलेले हिरवे पडदे परत करायला लावले, ते. प्रत्येकाची त्यांनी माफी मागून पाहिली होती. सकाळी गॅलरीत उभं राहून, संध्याकाळी आरामखुर्चीत बसून. एक अक्षर उत्तर आलं नव्हतं.

"मग मूळ सापडलं," ते म्हणाले. "लग्न नवीन होतं. सिनेमाला गेलो. शेवटी ती रडायला लागली. मी काय करावं? मी तिला समजावलं की हे रडू तुझं नाही, हे कॅमेऱ्यानं काढलेलं रडू आहे. कॅमेरा खालून लावला, मत्ते वरून आणखी व्हायोलिन घातलं, अष्टे, एवढंच. तिनं डोळे पुसले. त्यानंतर माझ्यासमोर कधी रडली नाही. बघा पाटणकर. इतकी वर्षं. तिथंच आग लागली."

"त्याचीही माफी मागितलीत?"

"महिनाभर रोज."

"आणि?"

"भाजी निवडते."

त्यांनी शेवटी छताकडे पाहिलं, पण तिथं काही लिहिलेलं नसावं. म्हणाले, "मुलगा म्हैसूरला बोलावतोय दोघांना. मी म्हणलं, तू एकटी जा. मी इथं राहतो. सोडूनच गेलीय तर तिला तिथं तरी मोकळं बोलता येईल. पुढच्या आठवड्यात तिकीट काढतो."

माझ्या एका छान वाक्याने हा माणूस आपला संसार मोडायला निघाला होता. तो आठवडा मी ऑफिसात काय काम केलं कुणास ठाऊक. शनिवारी सकाळी मी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. ठरवलं होतं, अक्कांच्या पायाशी बसायचं आणि म्हणायचं की मला साहित्यातलं काही कळत नाही.

घर लहान होतं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर सरळ दिसे. अक्का आमच्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि बाजूला, त्यांच्या नजरेआड, गॅसवर कुकर. सीनण्णांनी मला बसवलं आणि हळूच म्हणाले, "आता बघा."

कुकरने शिट्टी दिली. खणखणीत. मी दचकलो. अक्का शेंगा सोलत राहिल्या. दुसरी शिट्टी झाली. तिसरी. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. अक्कांनी एक शेंग हातात घेऊन निरखली आणि टरफलं बाजूला केली.

"रोजचं आहे," सीनण्णा छताकडे पाहत कुजबुजले. "शिट्टी झाली तरी उठत नाही. आतली वाफ. इतक्या वर्षांचा दाब. मला ऐकवते."

आणि मी, जो माफी मागायला आलो होतो, चक्क मान डोलावली. मला ती प्रतिमा पटली. दाब, वाफ, बाई. वाचकांना वाटेल मी अतिशयोक्ती करतोय. पण वर्षभर रविवार ज्याने त्या तक्त्याखाली काढले असतील त्याला कुकर कुकरसारखा दिसायचा बंद होतो.

एवढ्यात करपल्याचा वास आला. अक्कांनी नाक वर केलं, झटकन उठून गॅस बंद केला, आणि वळल्यावर मी त्यांना दिसलो. चेहरा उजळला. "अय्यो, पाटणकर! कधी आलात? बघा की हो, भात परत करपला. हा पण कुकर बिघडलेला निघाला. शिट्टीच देत नाही. हा तिसरा. ह्यांना म्हणलं दुकान बदला, तर ऐकत नाहीत."

मी सीनण्णांकडे पाहिलं. सीनण्णा माझ्याकडे. खाली कुत्रं अजून भुंकत होतं.

"तिसरा कुकर," सीनण्णा हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, नवं भांडं म्हणजे तिला नवं आयुष्य..." ते थांबले. क्लेम विभागातला माणूस पहिल्यांदा स्वतःची फाइल वाचत होता. मग ते जागेवरून उठले, अक्कांच्या पाठीमागे गेले आणि म्हणाले, "शांता."

काही नाही.

"शांता!"

खालच्या कुत्र्याचं भुंकणं थांबलं. अक्का फळांची पिशवी रिकामी करत होत्या.

सीनण्णा फिरून त्यांच्या समोर आले. त्यांनी मान खाली केली. मी त्यांना मान खाली करून बोलताना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. अक्कांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहत ते म्हणाले, "शांता, तुला ऐकू येत नाही?"

"येतं की," अक्का म्हणाल्या. "आता विचारलंत ते आलं. तुम्हीच बोलायचं सोडलंय. वर्ष झालं. मी म्हणलं, चला, वयानं शांत झाले. देवाला दोन नारळ फोडले मी."

सीनण्णा मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे मी एवढं सगळं सांगितलं ते..."

"काय सांगितलंत?"

मी जायला उठलो. ही जागा माझी नव्हती. पण सीनण्णांनी न पाहता माझा हात धरून ठेवला, बहुधा साक्षीदार हवा होता. त्यांनी हुबळीचं लग्न आणि पडदे सोडून दिले आणि थेट मुळाला हात घातला. नवीन लग्न, सिनेमा, शेवटचं दृश्य, तिचं रडणं, त्यांचं ते कॅमेऱ्याचं भाषण. सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी प्रत्येक शब्द तिच्या डोळ्यांत पाहून. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. रडू द्यायला पाहिजे होतं."

अक्कांनी आठवून पाहिलं. बराच वेळ लागला.

"रडत कुठे होते मी," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत काजळ गेलं होतं. तुमच्या आईनं घरी केलेलं. आग आग होत होती. मी म्हणतेय रुमाल द्या, तर तुम्ही व्हायोलिन व्हायोलिन करत बसलात."

मला हसू आलं आणि लगेच त्याबद्दल अपराधीही वाटलं. पण अक्काच हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. मग सीनण्णाही हसले. फळं तशीच राहिली. माझी माफी मागायची राहून गेली, ती आजतागायत राहिली आहे.

म्हैसूरचं तिकीट काढलं नाही. कानाचं मशीन आलं. मंडळात त्याचं कौतुक झालं. मृणालने 'मौन' कथेवर पुन्हा चर्चा घेऊ या म्हणून सुचवलं, पण सीनण्णांनी ती कथा लेखकाने मागे घेतल्याचं सांगितलं. बाकी ते पुन्हा पूर्वीसारखे झाले. छत, स्वेटर, छत्र्या, बादल्या. मागच्या बाकावर अक्का आता सगळं ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा, म्हणजे थोडा दमलेला, दिसायला लागला.

आम्ही बंगळुरू सोडून पुण्याला यायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मल्लेश्वरमच्या थिएटरात, सकाळच्या खेळाला. दोघं माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसले होते. त्यांना मी दिसलो नाही. पडद्यावर एक म्हातारी बाई बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. बाकी काही घडत नव्हतं. सीनण्णांची मान मागे गेली. बोट वर झालं. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, पण बोट पायरी दाखवत होतं, मग कुलूप, मग पुन्हा पायरी.

अक्कांनी कानामागे हात नेला. मशीन काढलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. बोट हवेत तसंच थांबलं. मग खाली आलं.

खेळ सुटल्यावर ते दोघं बाहेर झाडाखाली रिक्षासाठी उभे होते. अक्कांचे डोळे लाल होते. मी हाक मारणार होतो, पण सीनण्णा काही विचारत होते, म्हणून थांबलो. त्यांनी अक्कांच्या समोर येऊन, मान खाली करून, पर्सकडे बोट दाखवलं.

"का काढलंस?"

"सुम्ने," अक्का म्हणाल्या.

मी वाट पाहत राहिलो. सीनण्णांची मान हळूहळू वर जायला लागली. वर छत नव्हतं, नुसती पानं होती. मान अर्ध्यात थांबली आणि परत खाली आली. त्यांनी स्वेटर वर करून सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला आणि अक्कांच्या हातात दिला.

"सरी," ते म्हणाले.